बाटलीवर नाव कुणाचे?

आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवाच रसिकवर्ग उदयास आला आहे. हा वर्ग फ्रान्सला जाऊन येतो. पॅरिसच्या एखाद्या झगमगीत दुकानातून बोर्दोच्या कुठल्यातरी नामांकित 'शातो'ची बाटली घेतो, तान्ह्या मुलाला जपावे तशी ती विमानातून आणतो आणि मग घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिचे दर्शन घडवतो. बाटलीचे साल त्याला पाठ असते. किंमत तर त्याहून पाठ असते. कोण्या अमेरिकन परीक्षकाने तिला शंभरापैकी किती गुण दिले तेही तो सांगतो. फक्त एक गोष्ट त्याला सांगता येत नाही. ही द्राक्षे कोणी पिकवली, त्यांचा रस कोणी आंबवला आणि त्या माणसाच्या पदरात यातले किती पडले, असे विचारले की हा गृहस्थ तुमच्याकडे असा पाहतो, जणू देवळात येऊन तुम्ही पुजाऱ्याला गवंड्याचे नाव विचारले आहे.

माझे भांडण या गृहस्थाशी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, फ्रान्सची वाइन घ्यायचीच असेल तर ज्याने द्राक्षे लावली, छाटली, खुडली आणि आपल्याच तळघरात त्यांची वाइन केली, त्याच्या दारात जाऊन ती घ्यावी. दारात जाणे जमत नसेल तर निदान त्याचे नाव जिच्यावर आहे अशी बाटली घ्यावी. अशा घरांची फ्रान्समध्ये उणीव नाही. नवराबायको, एखादा मुलगा किंवा सून, दहाबारा हेक्टर बाग आणि हंगामापुरती बाहेरची चार माणसे, एवढ्यावर चालणारी हजारो घरे तिथे आहेत. अशा माणसाला तिकडे 'व्हिन्यरों' म्हणतात. बाग राखणारा आणि वाइन करणारा हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात बसतात. आपल्याकडे त्याला नेमका प्रतिशब्द नाही, कारण तसा माणूसच आपल्याकडे फारसा नाही. पण त्याविषयी पुढे.

दिवाळी अंकात मास्तराने वाइनवर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्यांना सांगतो की मी कोणाला पी म्हणत नाही. जो पीत नाही त्याचे पैसे आणि यकृत दोन्ही वाचते, हे मला मान्य आहे. परंतु हा लेख विकत घेण्याविषयी आहे. कादंबरी न वाचणाऱ्यानेही लेखकाला मानधन मिळते की नाही याची चौकशी करायला हरकत नसते; तसेच हे.

माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि सवडीने कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, फ्रेंच मला येत नाही. परंतु माझ्या वर्गातली निम्मी मुले द्राक्षबागाईतदारांची आहेत. घड काढा म्हटले तर ती आधी केवड्याने करपलेले पान काढतात. एखादा व्यापारी माल उचलून पैसे न देताच पसार झाला की ती बातमी मला वर्तमानपत्राआधी हजेरीपटावर कळते. तेव्हा द्राक्ष आणि दलाल या दोन विषयांत तरी मला कोणी अडाणी म्हणू नये.

* * *

आमचे रसिक ज्या यादीला वेदवाक्य मानतात ती बोर्दोची यादी झाली कशी, हे एकदा पाहण्यासारखे आहे. १८५५ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी बोर्दोच्या वाइनींची प्रतवारी हवी होती. ती केली बाजारातल्या दलालांनी, आणि कसोटी लावली बाजारात मिळणाऱ्या भावाची. त्या यादीत पुढे मोठी म्हणावी अशी बढती एकच झाली: १९७३ साली 'मूतों-रोत्शिल्ड' दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेले. मध्यंतरी मालक बदलले, बागा विकल्या गेल्या, वाढल्या, आटल्या. यादी जिथल्या तिथे. म्हणजे एकशे सत्तर वर्षांपूर्वीचे दलालांचे भावपत्रक आमचा रसिक आज सौंदर्यशास्त्र म्हणून वाचतो! शिवाय या मोठ्या घराण्यांपैकी बहुतेकांच्या दारात गेलात तर बाटली मिळायची नाही. त्यांचा माल 'नेगोसियां' म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांच्या हातूनच जगभर जातो. तिथे दार आहे, पण ते उघडण्यासाठी नाही.

हे झाले मोठ्यांचे. लहान माणसाचे नाव पुसले गेले म्हणजे काय होते, ते पाहायला १९०७ सालच्या लांगदॉकमध्ये जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागाच्या बागा मुळासकट खाल्ल्या. त्या टंचाईत साखरपाण्याची आणि मनुकांची वाइन करण्याची विद्या बाजाराने साधली. पुढे अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. परंतु शिकलेली विद्या कोण विसरतो? खऱ्या मालाचा भाव कोसळला. आर्जेलिए गावच्या मार्सेलँ आल्बेर नावाच्या एका कॅफेवाल्याने गाऱ्हाणे मांडायला सुरुवात केली तेव्हा त्याच्यामागे मूठभर माणसे होती. ९ जून १९०७ रोजी मोंपेलिए शहरात पाच लाखांच्या वर जमली. नार्बोनला गोळीबार होऊन माणसे मेली. सतराव्या पलटणीतले शिपाई याच मुलखातल्या बागाईतदारांचे मुलगे होते. त्यांनी बंड केले. अखेर २९ जूनला कायदा झाला. वाइनीत पाणी आणि साखर घालणाऱ्यांना चाप बसला आणि किती पीक आले ते प्रत्येकाने जाहीर करावे असे ठरले. चारच वर्षांनी, १९११ साली, शॅम्पेन प्रांतात तोच वणवा पेटला. बाहेरची द्राक्षे आणून त्यांना शॅम्पेन म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या आय् गावात जाळल्या गेल्या.

या रागातूनच पुढे १९३५ सालचा कायदा आला आणि प्रदेशाच्या नावाला संरक्षण मिळाले. आज मोर्गों गावचे नाव घेऊन दुसऱ्या गावची वाइन विकता येत नाही, याचे श्रेय त्या पिढीला आहे. परंतु कायद्याने गावाचे नाव वाचवले. माणसाचे नाव वाचवणे ज्याचे त्याच्यावर राहिले. बर्गंडीत ते काम काही हट्टी माणसांनी केले. व्होल्ने गावचे मार्की दांजेरव्हील, न्यूई-सँ-जॉर्जचे आँरी गूज, जव्हरे-शांबेर्तँचे आर्मां रूसो ही त्यांतली नावे. व्यापारी आपल्या वाइनीत भलतेच काही मिसळून तिला आपल्या गावचे नाव देतात, हे त्यांना सोसवेना. तक्रार केली तेव्हा दांजेरव्हीलांचा माल घेणेच व्यापाऱ्यांनी बंद केले. मग त्यांनी आपली वाइन आपल्याच घरी बाटलीत भरली आणि वर आपले नाव लावून विकायला काढली. १९३०च्या आसपासची ही गोष्ट. आज बर्गंडीची उत्तम बाटली म्हणजे बागाईतदाराच्या नावाची बाटली, असे जे समीकरण झाले आहे, त्याच्या मुळाशी हा हट्ट आहे.

* * *

नाव पुसण्याची कला मात्र अजून मेलेली नाही. मी चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे लेबल निरखून पाहणे हा माझा धंदाच आहे. 'शातो' म्हणजे वाडा किंवा गढी. परंतु लेबलावरच्या शातोमागे वाडा असतोच असे नाही. पुष्कळदा साधे कौलारू घर असते, आणि त्यात काही वावगे नाही. वावगे असते ते बारीक अक्षरांत. 'मीझाँ बुतेय ओ दोमेन' असे लिहिले असेल तर वाइन त्याच मळ्यावर बाटलीत भरली आहे. तेच भरणे 'उत्पादनाच्या प्रदेशात' झाले असे मोघम लिहिले असेल, तर चित्र कितीही जुन्या गढीचे असो, बाटली कोठल्या कारखान्यात भरली ते देव जाणे. शॅम्पेनच्या लेबलाच्या कडेला दोन अक्षरे असतात. 'आर.एम.' म्हणजे आपल्याच द्राक्षांची शॅम्पेन करणारा बागाईतदार, 'एन.एम.' म्हणजे द्राक्षे विकत घेणारी पेढी. बाटलीच्या तोंडावरल्या टोपणावर 'आर' असेल तर ती उत्पादकाची, 'एन' असेल तर व्यापाऱ्याची. हे टोपण पूर्वी सक्तीचे होते, २०१९ पासून ऐच्छिक झाले. स्वतंत्र बागाईतदारांच्या संघाचेही एक चिन्ह आहे: खांद्यावर पिंप घेऊन निघालेला माणूस. वर्गात उत्तम रेखाचित्राचा नमुना म्हणून ते मी दाखवीन.

एवढे ओळखता आले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे दारात होते. ते मी पाहिले आहे म्हणून सांगतो.

माझी भाची लियों शहरात नोकरीला आहे. २०१९ सालच्या मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. लियोंच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर बोजोलेच्या टेकड्या लागतात. तिथे गामे नावाचे काळे द्राक्ष पिकते. बर्गंडीच्या एका ड्यूकने १३९५ साली फर्मान काढून या द्राक्षाला हलके म्हणून आपल्या मुलखातून हाकलले होते. ते दक्षिणेच्या या खडकाळ टेकड्यांवर रुजले आणि इथेच त्याचे नाव झाले. भाचीने दोन दिवस आधी टेलिफोन करून वेळ ठरवली होती. हे करावेच लागते. व्हिन्यरोंचे घर म्हणजे दुकान नव्हे. तो बागेत असतो, नाहीतर तळघरात, नाहीतर जेवत असतो. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आणि सप्टेंबरातल्या खुडणीच्या दिवसांत त्याच्या दारावर थाप मारणाऱ्याला मी असंस्कृत समजतो.

दार साठीच्या एका बाईंनी उघडले. पायांत मातीने भरलेले बूट. भाचीने मी नाशिककडचा, द्राक्षांच्या मुलखातला, असे सांगताच त्यांनी पेले बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडे छाटणी केव्हा?"

मी म्हणालो, "वर्षातून दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडीची."

भाचीला त्यांनी हे वाक्य पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "मग वेल झोपते केव्हा?"

"आमच्याकडे वेलही झोपत नाही आणि बागाईतदारही नाही," मी म्हणालो.

त्या पोट धरून हसल्या. दुकानात हा प्रश्न मला कोणी विचारला नसता, आणि त्या प्रश्नाइतके द्राक्षशास्त्र मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नसते. त्यांच्याकडे वेल हिवाळाभर निजते. एप्रिलात कोंब फुटला की हिमाची रात्र येऊन तो जाळून टाकील या धास्तीने घर जागे राहते. आमच्याकडे धास्ती अवकाळीची. त्यांची नि आमची गारपीट मात्र एकच. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे फ्लरीच्या बागांवर गारा कोसळल्या होत्या. २०१६ची वाइन त्यांच्याकडे थोडीच उरली होती. ती चाखायला देऊन त्यांनी आधीच सांगितले की सहा बाटल्यांच्या वर मिळणार नाही, नेहमीच्या माणसांसाठी ठेवायची आहे. दुसऱ्या एका सालाची चाखवली आणि म्हणाल्या, ही नेलीत तरी दोन वर्षे उघडू नका. आता मला सांगा, आपला माल आज वापरू नका असे सांगणारा दुकानदार तुम्ही पाहिला आहे काय?

भाव भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलेले होते. दहा ते बारा युरो. आमच्याबरोबर पुण्याचे एक गृहस्थ होते. चार पेले रिकामे केल्यावर त्यांनी बारा बाटल्या घेतल्या तर किती सूट, असा प्रश्न टाकला. बाईंनी पाटीकडे बोट दाखवले. गृहस्थ बाहेर आल्यावर म्हणाले, "लियोंच्या दुकानात दोनच युरो जास्त पडतात; मग इतक्या लांब येऊन मिळवले काय?" याच प्रश्नाला उत्तर द्यायला मी हा लेख लिहितो आहे.

* * *

स्वस्ताईसाठी जाणाऱ्याने व्हिन्यरोंकडे जाऊच नये. तो आपल्या दारात भाव फारसा उतरवत नाही, कारण त्याची वाइन ठेवणाऱ्या गावच्या दुकानदाराच्या पोटावर पाय द्यायचा नसतो. जाणाऱ्याला मिळतो तो जबाब. वाइन आवडली नाही तर तोंडावर सांगता येते, आणि ऐकणारा माणूसच ती सुधारू शकणारा असतो. लहान घर म्हणजे चांगली वाइन, असे मी म्हणत नाही. लहान घरांतूनही आंबट, कुबट माल निघतो. परंतु तिथे त्याची जबाबदारी घेणारे तोंड समोर असते. पेढीच्या बाटलीला तोंड असते ते फक्त बुचासाठी.

यावर कोणी म्हणेल की मधला माणूस नसेल तर दहा हेक्टरवाल्याची वाइन समुद्रापलीकडे जाणार कशी? प्रश्न रास्त आहे. मधल्या माणसावर माझा सरसकट राग नाही. १९३०च्या दशकात फ्रँक स्कूनमेकर आणि पुढल्या पिढीत कर्मिट लिंच हे अमेरिकन व्यापारी स्वतः बागाईतदारांच्या तळघरांत उतरले आणि त्यांची नावे बाटलीवर ठेवून त्यांनी ती वाइन आपल्या देशात विकली. असा दलाल म्हणजे वाटाड्या. दलाल वाईट होतो तो ज्या क्षणी दुसऱ्याचे नाव पुसून आपले लिहितो त्या क्षणी. शिवाय एकट्याला झेपत नसेल तर दुसरा मार्गही फ्रान्सनेच घालून दिला आहे. लांगदॉकमधल्या मारोसाँ गावच्या लहान बागाईतदारांनी १९०१ साली 'स्वतंत्र व्हिन्यरों' या नावाने सहकारी संस्था काढली आणि पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी भांडारांना थेट वाइन विकली. पिकवणारे इकडे, पिणारे तिकडे, मध्ये कोणी नाही. झाँ झोरेससारखा पुढारी १९०५ साली ती पाहायला गेला होता. तेव्हा थेट खरेदी ही आजच्या श्रीमंतांची सहल आहे असे समजणाऱ्यांनी इतिहास उघडून पाहावा. ती मुळात कष्टकऱ्यांची युक्ती आहे.

आणि आज तिची गरज पूर्वीहून अधिक आहे. १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरांच्या वर वाइन पिली जाई. आता ती चाळिसाच्या आसपास आली आहे. आरोग्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु कमी पिणाऱ्या जगात कोण मरतो? ज्याला नाव नाही तो. बोर्दोत व्यापाऱ्याला घाऊक वाइन विकली जाते ती नऊशे लिटरांच्या 'टोनो' या मापाने. अलीकडच्या वर्षांत साध्या तांबड्या वाइनच्या टोनोला हजार युरोंच्या आतला भाव आला. त्रैराशिक सोपे आहे: नऊशे लिटरांच्या बाटल्या होतात बाराशे, म्हणजे बाटलीमागे बागाईतदाराच्या हाती ऐंशी-ब्याऐंशी सेंट. त्यातून छाटणी, फवारणी, खुडणी आणि घर. २०२४ साली बोर्दोच्या व्यापारी न्यायालयाने परवडणार नाही इतका कमी भाव दिल्याबद्दल दोन पेढ्यांविरुद्ध निकाल देऊन एका बागाईतदाराला भरपाई देवविली, यावरून काय ते समजावे. त्याच वर्षी सरकारने बागा उपटणाऱ्यांना हेक्टरी चार हजार युरो देऊ केले, तर सत्तावीस हजारांहून अधिक हेक्टरांसाठी अर्ज आले. आजोबाने लावलेली वेल उपटण्यासाठी रांग लागते, तेव्हा त्या रांगेत उभा असलेला माणूस आळशी किंवा अडाणी नसतो. त्याची वाइन कोणी त्याच्या नावाने ओळखत नाही, एवढाच त्याचा अपराध असतो.

आता आपल्याविषयी. २००८नंतरच्या मंदीत आपल्या वायनऱ्यांनी द्राक्षे घेणे आखडते केले, तेव्हा नाशिककडच्या शेतकऱ्यांनी वाइनच्या जातीच्या वेली अशाच उपटून टाकल्या. २०२२च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला, आणि वाइन ही दारू आहे की नाही यावर महाराष्ट्रभर रण माजले. शेतकऱ्याचे भले होईल असे एक बाजू म्हणाली, संसार बुडतील असे दुसरी म्हणाली. परंतु त्या बाटलीवर कोणत्या शेतकऱ्याचे नाव असणार, असे दोन्हीकडच्या एकाही वक्त्याने विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आमचा वाइनद्राक्षांचा शेतकरी अजून बहुतांशी कारखान्याला कच्चा माल पुरवणाराच आहे. व्हिन्यरोंला आपल्या भाषेत शब्द नाही तो यामुळे.

म्हणून परदेशी जाणाऱ्या आमच्या रसिकांना माझे सांगणे आहे. परत येताना दोन लिटरांपुरतीच मुभा असते; तेव्हा नेमक्या दोन बाटल्या तरी अशा आणा, की ज्यांचे घर तुम्ही पाहिले आहे. आधी कळवून जा, मन लावून चाखा, घासाघीस करू नका, आणि दहा पेले फुकट पिऊन रिकाम्या हाताने बाहेर पडू नका. आणि इथे आल्यावर हीच खोड चालू ठेवा: द्राक्ष घ्याल, बेदाणा घ्याल, गूळ घ्याल, तिथे हे कुणाचे म्हणून विचारा. विचारणारा गिऱ्हाईक भेटला म्हणजे सांगणारा शेतकरी तयार होतो. मी माझ्या वर्गातल्या मुलांकडून दरवर्षी एक लेबल काढून घेतो. चित्र काय वाटेल ते काढा म्हणतो. आडनाव मात्र ठळक, आणि स्वतःचे.